मिसळ, टॅको आणि गावाचा वारसा: कॉपी काय होतं, काय होत नाही?

हॉटेल लाइनमध्ये उतरणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "सर, माझी रेसिपी कोणी उचलली तर?" उचलतीलच. म्हणून व्हिडिओत घाईत सांगितलेलं उदाहरण इथे नीट बघू.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. तिथे १९३७ पासून मित्ला कॅफे हे एका मेक्सिकन कुटुंबाचं हॉटेल आहे. टॅको म्हणजे मक्याची पातळ पोळी दुमडून आत सारण. इथे ती तळून कडक करतात. समोरच ग्लेन बेल नावाचा माणूस बर्गर विकायचा. मित्लाची गर्दी बघून तो तिथे खायला जाऊ लागला, टॅको बनवायला शिकला आणि १९६२ मध्ये त्याने टॅको बेल काढलं. आज त्याची दुकानं जगभर आहेत.

आणि मित्ला? तेही चालू आहे, त्याच कुटुंबाकडे. मेक्सिकन लोकांना शहराच्या पोहण्याच्या तलावावर मोकळा प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध लढणारी मंडळी मित्लात जमायची आणि १९४४ मध्ये ते कोर्टात जिंकले. टॅको उचलता आला, हे कसं उचलणार?

आता आपल्या एकलहऱ्याकडे या. नाशिकची मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा, पाव, सोबत पापड आणि दही. नाशिकभोवती चुलीवरच्या मिसळीचे बोर्ड इतके झालेत की नुसती चूल आता वेगळेपण राहिली नाही. (बैलगाडीचं चाक भिंतीला टांगणं हा तर वारसा नव्हेच, तो डेकोरेशनचा खर्च आहे!)

एकलहऱ्याची खरी ओळख औष्णिक वीज केंद्र. १९७० च्या सुमाराचे पहिले दोन संच बंद झाले. २१० मेगावॅटचे तीन उरले. असं केंद्र शिफ्टवर चालतं. रात्रपाळी करून सकाळी सुटणाऱ्याला काय हवं? गरम, पोटभर आणि पटकन. त्याच्या वेळेला शटर उघडं ठेवणं आणि त्याची कट वाढवायची सवय लक्षात ठेवणं, ही तुमची कमाई.

पण धोकाही इथेच आहे. संच बंद झाला की शिफ्टची माणसं कमी होतात. सगळा गल्ला एकाच गेटवर ठेवू नका. कॉलनीतली कुटुंबं, शेतकरी, रिटायर झालेले लोक यांचंही गिऱ्हाईक बांधा.

हिशोब असा करा. समजा मिसळ ८० रुपये, कच्चा माल ३२. दही-पापडाचे त्यातले १० वाचवायचा मोह होईल. आधी विचारा: ते काढलं तर रोजचा माणूस परत येईल का? नसेल येणार, तर कात्री बोर्डाच्या लायटिंगला लावा, ताटाला नाही.

या आठवड्याचं काम: सकाळी ६ ते ९ गावच्या नाक्यावर उभे राहा. कोण येतं, कुठून येतं, काय खातं, किती देतं, हे चार रकाने वहीत भरा. भाड्याची जागा त्यानंतर बघायची.