पाठ : रस्त्यावर सोडलेले पाणी

‘बावा काम्मा’ या नावाचा अर्थ ‘पहिले दार’. तालमूदचा हा भाग नुकसान आणि भरपाई यांविषयी आहे. बैलाने शिंग मारले, उघड्या खड्ड्यात जनावर पडले, शेतातली आग शेजाऱ्याच्या शेतात गेली, अशी त्यातली प्रकरणे. त्यातच गटाराचा एक छोटा नियम आहे. शिकवताना तो बहुधा घाईने वाचून पुढे जातात.

नियम असा. घराचे गटार उघडून किंवा तळघरातला गाळ उपसून रस्त्यावर सोडायला उन्हाळ्यात परवानगी नाही, पावसाळ्यात आहे. पावसाळ्यात रस्ता आधीच चिखलाचा असतो आणि पाणी घाण वाहून नेते. (एरेत्स इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून पावसाचा उल्लेख शेमिनी अत्सेरेतपासून पेसाहपर्यंतच्या प्रार्थनेत येतो. जून महिन्यात कोकणातला पाऊस पाहिलेल्या आजी-आजोबांना हे उलटेच वाटेल.) पण राब्बी एवढ्यावर थांबत नाहीत. परवानगी असली तरी त्या पाण्याने कोणाचे नुकसान झाले, तर सोडणाऱ्याने भरून द्यावे, असे ते पुढे म्हणतात.

नॉटिंगहॅममध्ये पाऊस बारा महिने पडतो. मग इथे मुभाही बारा महिने आहे का?

उत्तरासाठी आधी पाणी कुठे जाते ते पाहायला हवे. शहराच्या जुन्या भागांत पावसाचे पाणी आणि मैला पुष्कळदा एकाच नळातून जातो. जोराचा पाऊस झाला की तो नळ भरतो आणि जादा पाणी न शुद्ध होताच नदीत सुटते. नंतर वसलेल्या भागांत नळ दोन असतात. संडास-मोरीचे सांडपाणी शुद्धीकरणाला जाते. रस्त्याकडेच्या जाळीत पडलेले पाणी मात्र सरळ जवळच्या ओढ्यात जाते, वाटेत कोणी ते गाळत नाही. शेरवूडच्या बाजूचा ओढा म्हणजे डे ब्रुक. तो आर्नोल्डकडून येतो, बॅसफर्डजवळ लीन नदीला मिळतो, लीन ट्रेंटला आणि ट्रेंट हंबरमार्गे उत्तर समुद्राला.

या जाळीत काय जाते? मोटारीखाली ठिबकलेले तेल, टायरची झीज, कुत्र्याची विष्ठा, घरापुढे गाडी धुतल्याचा साबण. बरेच दिवस पाऊस नसला की हे सगळे रस्त्यावर साठते, आणि पहिल्याच सरीत सर्वांत घाण पाणी ओढ्यात उतरते. साबण माशांच्या कल्ल्यांवर आघात करतो. अंगणातल्या जाळीत ओतलेले नासके दूध निरुपद्रवी वाटते, पण ते कुजताना पाण्यातला प्राणवायू इतका खाल्ला जातो की मासे गुदमरतात. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो. हे बेने इस्राएलांना वेगळे सांगायला नको. कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्यावर तेलाचा थेंब वाया जात नसे, पेंडसुद्धा गुरांपुढे जाई. तळणाचे उरलेले तेल जाळीत ओतण्याची सवय त्या घरांतली नव्हे. ते थंड करून बरणीत भरावे. गाडीचे वापरलेले तेल कौन्सिलच्या पुनर्वापर केंद्रावर द्यावे. ते जाळीत ओतणे इथे कायद्याने गुन्हा आहे.

गाडी धुण्याला मात्र कोणी अडवत नाही. म्हणजे मुभा आहे. अडचण भरपाईची आहे. तालमूदच्या काळी गटाराच्या पाण्याने कोणाचा अंगरखा खराब झाला, तर तो माणूस दाराशी येऊन उभा राहत असे. डे ब्रुकमधला मासा येत नाही. एका रस्त्यावरच्या चाळीस घरांतला साबण एकत्र झाल्यावर कोणता कोणाचा हेही सांगता येत नाही. त्याच पानावर पूर्वीच्या भक्तिमान लोकांची गोष्ट आहे. ते काटे आणि फुटकी काच आपल्या शेतात तीन मुठी खोल पुरत, म्हणजे नांगरालाही ती लागू नये. नुकसान झाल्यावर भरून देणे जिथे शक्यच नाही, तिथे हीच वाट उरते.

काच पुरण्यासारखेच काम शेरवूडच्या रिबल्सडेल रोडवर झाले आहे. 2013 साली तिथल्या गवताच्या पट्ट्यांत 21 पाऊसबागा केल्या. पर्यावरण संस्था, नगर कौन्सिल, सेव्हर्न ट्रेंट वॉटर आणि ग्राउंडवर्क यांनी मिळून हे काम केले. रस्त्याच्या कडेच्या दगडात फट ठेवलेली असते. पाणी तिच्यातून झाडे लावलेल्या खोलगट वाफ्यात शिरते, गाळ वर राहतो, तेलाचा अंश मातीतले सूक्ष्म जीव हळूहळू फोडतात आणि ओढ्यावरचा एकदम येणारा भारही कमी होतो. पाहायला गेल्यास फार काही दिसत नाही, फक्त झुडपे. पाऊस चालू असताना गेलेले बरे.

इंग्लंडमध्ये काही जाळ्यांशेजारी पिवळा मासा रंगवलेला दिसतो. इथून पुढे नदी आहे, एवढेच तो सांगतो. ताश्लीखसाठी मासे असलेले वाहते पाणी उत्तम मानतात, हे इथे आठवावे.

वर्गातील चर्चेसाठी : मोठ्यांनी सांगावे, गावी मोरीचे पाणी कुठे जाई, अळूच्या वाफ्यात की रस्त्यावर? मुलांनी घरासमोरची जाळी शोधून तिचे पाणी कोणत्या ओढ्याला मिळते ते नकाशावर पाहावे. आणि सर्वांनी मिळून ठरवावे : चाळीस घरांच्या साबणाने मासे मेले, तर बावा काम्माप्रमाणे कोणी, कोणाला आणि काय द्यायचे?