वाणीचे तप आणि मुलांचे रक्षण

साप्ताहिक स्वाध्याय पाठ



भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवान श्रीकृष्णांनी तपाचे तीन प्रकार सांगितले आहेत: शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. वाणीच्या तपाची लक्षणे सांगताना ते म्हणतात की बोलणे उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हिताचे असावे, आणि त्याला स्वाध्यायाची जोड असावी. रागावर ताबा, घरातील वादविवाद, निंदा टाळणे अशा संदर्भांत आपण ही लक्षणे अनेकदा अभ्यासली आहेत. या आठवड्यात ती एका अवघड विषयाला लावून पाहू. तो विषय म्हणजे मुलांवर होणारी हिंसा.

मारहाण, अपमान, लैंगिक शोषण, धाकदपटशा यांपैकी काहीही दीर्घकाळ चालते, तेव्हा तिथे हिंसेबरोबर मौनही असते. हिंसा बहुधा एक जण करतो, मौन मात्र अनेक जण मिळून पाळतात. म्हणून हा विषय पोलीस आणि न्यायालयाचा आहे तितकाच वाणीच्या साधनेचाही आहे.

प्रल्हादाच्या कथेतील एक गोष्ट

भक्त प्रल्हादाची कथा आपण बालवर्गात दरवर्षी सांगतो. भक्तीचा विजय हा तिचा मुख्य बोध. आज तिच्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहू. प्रल्हादाला त्रास देणारे कोण होते? पहिला त्याचा स्वतःचा पिता. मग शंड आणि अमर्क हे गुरू, जे मुलाच्या बाजूने उभे राहण्याऐवजी राजाकडे तक्रार घेऊन गेले. होळीच्या कथेत त्याला मांडीवर घेऊन अग्नीत बसली ती त्याची आत्या. माता कयाधूचे मन तुटत होते, पण राजापुढे तिचे काही चालत नव्हते. सारा दरबार पाहत होता.

म्हणजे आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते की मुलाला धोका नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. ज्यांच्यावर त्याने विश्वास ठेवायचा, त्यांच्याकडूनही तो येऊ शकतो.

भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो अभ्यास केला होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मारहाण सोसली होती. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले, आणि त्यात मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. शोषण करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासाच्या स्थानावरचे होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती.

ती का सांगितली नसेल? याचे उत्तर वाणीच्या चार लक्षणांत शोधू.

१. उद्वेग न देणारे बोलणे: मुलाचे ऐकणे

इथे माझा एक अनुभव सांगतो. ओळख पटेल असा तपशील त्यात देत नाही. मी एका बालवर्गात मदतनीस होतो. वर्ग सुटल्यावर एक नातेवाईक घ्यायला आला की एक लहान मुलगा दाराआड जाऊन उभा राहायचा. चपला सापडत नाहीत म्हणायचा, पुन्हा पाणी प्यायला जायचा. मी त्याला दोन-तीनदा म्हणालो, "हट्ट करू नकोस, मोठ्यांचं ऐकावं." वर्गात आम्ही हेच शिकवत होतो, त्यामुळे मला त्यात काही गैर वाटले नाही. पुढे काही महिन्यांनी त्याच्या आईला खरा प्रकार समजला, आणि ती आमच्या वर्गाच्या ताईंकडे आली. त्या मुलाने मला शब्दांत काही सांगितले नव्हते हे खरे आहे, पण तो रोज सांगत होता. मी ऐकले नाही.

मुले क्वचितच सरळ सांगतात. एखाद्या व्यक्तीला किंवा जागेला अचानक टाळणे, झोपेत दचकणे, पुन्हा अंथरूण ओले करू लागणे, अभ्यासातून लक्ष उडणे, अंगावरच्या वळांचे कारण प्रत्येक वेळी वेगळे सांगणे, ही त्यांची भाषा असू शकते. प्रत्येक वेळी कारण हिंसाच असेल असे नाही, पण थांबून विचारावे इतके ते पुरेसे आहे.

आणि मूल बोलू लागले तर? आपला चेहरा आणि आवाज शांत ठेवावा. "तू सांगितलंस हे फार बरं केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काहीही चूक नाही." एवढी तीन वाक्ये बोलावीत. "आधी का नाही सांगितलंस?" किंवा "तू तिथे गेलासच कशाला?" असे विचारू नये, त्या प्रश्नांतून मुलाला दोषच ऐकू येतो. खोदून खोदून तपशील विचारू नयेत, ते काम प्रशिक्षित व्यक्तींचे आहे. "मी कोणालाच सांगणार नाही" असे वचनही देऊ नये, कारण ते आपल्याला पाळता येणार नाही. त्याऐवजी म्हणावे, "जे तुला मदत करू शकतील, फक्त त्यांनाच मी सांगेन."

२. सत्य बोलणे: झाकून न ठेवणे

ताईंनी ती गोष्ट ऐकली, तेव्हा काही ज्येष्ठांचे मत पडले की हे घरातल्या घरात मिटवावे, केंद्राचे नाव उगाच चर्चेत येईल. त्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता; त्यांना भीती वाटली. ताई एवढेच म्हणाल्या, "केंद्राचं नाव या लेकरापेक्षा मोठं नाही." आणि त्या आईबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या.

सत्य बोलणे इथे साधना आहे, तसेच कायद्याने कर्तव्यही आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजे आपण ज्याला पोक्सो म्हणतो तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, त्याचे संरक्षण आहे. असा अपराध घडल्याचे ज्याला कळते, किंवा घडेल अशी ज्याला रास्त भीती वाटते, त्या प्रत्येकाने पोलिसांना माहिती दिलीच पाहिजे. माहिती न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा अपराध कळवला नाही, तर ही शिक्षा एक वर्षापर्यंत जाते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र कायद्याचे संरक्षण आहे. सिद्ध करणे हे आपले काम नाही. कळवणे हे आहे.

अनेकांना वाटते की तक्रार केली तर मुलाची फरफट होईल. ही भीती समजण्यासारखी आहे, म्हणून कायदा काय सांगतो ते माहीत असावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा असतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि गणवेश न घालता. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती सोबत असते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. साक्षीच्या वेळी मूल आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत याची काळजी विशेष न्यायालयाने घ्यायची असते. प्रत्यक्षात सगळीकडे हे तंतोतंत पाळले जातेच असे नाही. म्हणून तर हे नियम ठाऊक असलेला एक मोठा माणूस त्या कुटुंबाबरोबर असणे फार उपयोगी पडते. आमच्या ताई तशा होत्या. तो मुलगा आता पुन्हा वर्गात येतो.

३. प्रिय बोलणे: मुलांना शब्द देणे

मुलाकडे शब्दच नसतील तर ते सांगणार कसे? शरीराच्या अवयवांची नावे आपण लाजून टाळतो, आणि तीच लाज मुलाचे तोंड बंद करते. हा विषय न घाबरवता, गोडीने शिकवता येतो. चाइल्डलाइनने तयार केलेला 'कोमल' हा छोटा ॲनिमेशनपट सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श एका गोष्टीतून समजावतो. बालवर्गात तो दाखवून त्यावर मोकळी चर्चा करता येते.

मुलांना तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगाव्यात: तुझे शरीर तुझे आहे, नको वाटले तर मोठ्यांनाही "नको" म्हणता येते, आणि कोणी "हे गुपित ठेव" म्हणाले तर ते विश्वासाच्या माणसाला जरूर सांगावे. विश्वासाची माणसे कोण, त्यांची नावे मुलाकडूनच काढून घ्यावीत. एकापेक्षा जास्त असलेली बरी.

यासाठी आपल्याला आपले एक आवडते वाक्यही सुधारावे लागेल. "मोठ्यांचं ऐकावं" याऐवजी "मोठ्यांचा आदर करावा, पण चुकीचं वाटलं तर सांगावं" असे शिकवावे. प्रल्हादाने पित्याचा आदर सोडला नाही आणि त्याची आज्ञाही मानली नाही. हा धडा आपल्याच कथेत आहे.

छडीबद्दलही प्रामाणिक राहू. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई आहे. आपल्या संस्कार वर्गात कान पिरगाळणे, सर्वांसमोर हसे करणे चालत असेल, तर अहिंसेचा पाठ आपण कोणत्या तोंडाने देणार?

४. हिताचे बोलणे: समाजात आवाज उठवणे

बोलल्याने खरेच काही बदलते का? बदलते. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. "दस नौ आठ" हे उलट्या मोजणीचे आकडे मुलांच्या सहज लक्षात राहतात. पुढे ती देशभर पसरली आणि आज सरकारमार्फत २४ तास, विनाशुल्क चालते. गोव्याने २००३ सालीच मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला. मे २०१२ मध्ये दूरदर्शन आणि इतर वाहिन्यांवरील 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमाने हा विषय घराघरांत नेला, आणि त्याच महिन्यात संसदेने पोक्सो विधेयक मंजूर केले. त्यामागे अनेक वर्षे काम करणाऱ्या संस्था आणि कार्यकर्ते होते. ११ सप्टेंबर २०१७ रोजी, स्वामी विवेकानंदांच्या शिकागो भाषणाच्या दिवशी, नोबेल पुरस्कारप्राप्त कैलाश सत्यार्थी यांनी कन्याकुमारीहून याच विषयावर भारत यात्रा सुरू केली.

पण आवाज उठवताना हित कोणाचे, हे विसरू नये. पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा, पत्ता, कुटुंबाची माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर "जास्तीत जास्त शेअर करा" म्हणून आलेला फोटो पुढे पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण त्या मुलाची ओळख कायमची उघडी पडते. असा संदेश आपल्यापाशी थांबवावा. मूल पळवणारी टोळी आल्याच्या अफवाही थांबवाव्यात. अशा अफवांतून निरपराध माणसे मारली गेली आहेत.

केंद्रासाठी पाच नियम

• बालवर्गात नेहमी किमान दोन प्रौढ असावेत. दार उघडे असावे.
• कोणत्याही सेवकाने मुलाला एकट्याने घरी किंवा प्रवासाला नेऊ नये, तो कितीही ज्येष्ठ साधक असला तरी.
• १०९८ हा क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर भिंतीवर लावावा. तातडीचा धोका असेल तर ११२.
• मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय समूहात टाकू नयेत.
• तक्रार कोणाकडे करायची हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावे, आणि ती केंद्रातल्या कोणाविरुद्ध असली तरी पोलिसांकडे जाईल हेही सांगावे.

चिंतनासाठी प्रश्न

१. लहानपणी मी काही सांगू पाहत होतो आणि कोणी ऐकले नाही, असा प्रसंग आठवतो का? तेव्हा मला कोणते वाक्य ऐकायचे होते?
२. माझ्या घरातील मूल संकटात सापडले तर पहिल्यांदा कोणाकडे जाईल? माझ्याकडे येणार नसेल, तर का?
३. संस्थेचे, घराण्याचे किंवा एखाद्या आदरणीय व्यक्तीचे नाव जपण्यासाठी मी कधी गप्प राहिलो आहे का?

या आठवड्याची साधना

रोज दहा मिनिटे घरातील किंवा शेजारच्या एका मुलाजवळ मोबाइल बाजूला ठेवून बसावे. उपदेश करू नये, अभ्यास विचारू नये, फक्त ऐकावे. सातव्या दिवशी रात्री वहीत लिहावे की या मुलाबद्दल मला नवीन काय कळले.

जप करताना आपण मन शांत करतो ते कशासाठी? ईश्वराचा आवाज ऐकू यावा म्हणून. दाराआड उभे राहिलेल्या मुलाचा आवाजही तितकाच हळू असतो. आपली साधना तो ऐकण्याइतकी सूक्ष्म होवो, आणि ऐकल्यावर बोलण्याचे धैर्य आपल्याला मिळो, हीच प्रार्थना.