समोर कोण बसलंय?

आमच्या तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात व्याख्यानमाला भरते. संयोजनात असल्याने मी बरीच वर्षं सभागृहाच्या मागच्या दाराशी उभा राहून भाषणं ऐकत आलो. तिथून वक्त्यापेक्षा श्रोते जास्त दिसतात.

एका वर्षी पाणलोट विकासावर बोलायला एक अभ्यासक आले. त्यांचा अधिकार मोठा. समोर निम्मे शेतकरी, त्यातल्या कित्येकांच्या विहिरींनी मार्चमध्येच तळ गाठलेला. वक्त्यांनी आधी व्यासपीठावरच्या एकेका मान्यवराचं नाव घेतलं, मग पाणलोटाची व्याख्या सांगितली, मग कागदावरून जिल्हावार आकडे वाचले. मान वर झालीच नाही. चुळबुळ सुरू झाली. शेवटची एसटी साडेनऊची. नऊला मी चिठ्ठी पाठवली, तर ‘शेवटचे दोनच मुद्दे’ म्हणत ते आणखी पाऊण तास बोलले. तोवर मागच्या रांगा रिकाम्या झाल्या.

नंतर चहा घेताना एका शेतकऱ्याने त्यांना विचारलं, “साहेब, आमच्या ओढ्यावर बंधारा बांधला तर विहिरीला पाणी येईल का?” ते एकदम खुलले. काम माथ्याकडून पायथ्याकडे करत या, डोंगरउतारावर आधी सलग समतल चर खणा, नाहीतर खालचा बंधारा गाळानेच भरेल, हे त्यांनी टेबलावर बोटाने रेघा ओढून दाखवलं. हेच ऐकायला लोक आले होते! लोक घरी गेल्यावर ते सांगितलं गेलं, याची हळहळ मला अजून वाटते.

विषयाची तयारी सगळेच करतात, श्रोत्यांची फार थोडे. गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तर वदवून घेत. कर्ज, दारू, देवापुढचा पशुबळी हे समोरच्यांच्या घरातलेच विषय आणि बोली वऱ्हाडी. ऐकणाऱ्याला वाटे, हे आपल्याबद्दलच चाललंय. बाबांइतकी हातोटी सगळ्यांना साधणार नाही, पण त्यांची दिशा कुणालाही धरता येते.

म्हणून भाषणाचं आमंत्रण आलं की संयोजकाला निःसंकोच विचारा: कोण येतं, कुठून येतं, सध्या त्यांना कसली काळजी आहे, परतीची गाडी किती वाजता आहे. आकडे कागदावर न्या, पण सुरुवात लोकांकडे बघून आणि त्यांच्याच प्रश्नाने करा. मान्यवरांची नावं सूत्रसंचालकाने घेतलेली असतात. आणि चिठ्ठी आली की कितीही मोलाचा मुद्दा राहिला असला तरी थांबा. तो पुढच्या वर्षी ऐकायला लोक येतील.