पडद्याआडच्या सेवा आणि त्यांचा राखणदार

युनिक्स पद्धतीच्या संगणकावर काही आज्ञावल्या पडद्याआड अहोरात्र चालू असतात. एखादी टपाल पोहोचविते, एखादी घड्याळ जुळविते. त्यांना ‘डीमन’ म्हणतात. त्यांच्याशी आपला प्रत्यक्ष संबंध येत नाही; म्हणून एखादी बंद पडली, तरी ते पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. पत्रे मात्र खोळंबून राहतात.

मग या सेवांवर लक्ष कोणी ठेवावयाचे? जुनी रीत अशी, की सेवा सुरू होताच आपल्या जनक प्रक्रियेपासून वेगळी होई आणि स्वतःचा क्रमांक एका फाइलमध्ये लिहून ठेवी. ही नोंद भरवशाची नव्हे. सेवा अकस्मात संपली तरी फाइल तशीच राहते आणि कालांतराने तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळू शकतो. त्यावर विसंबून कोणी थांबण्याची आज्ञा दिली, तर भलतीच प्रक्रिया बंद पडते.

यावरील उपाय युनिक्सच्या रचनेतच आहे. प्रक्रिया संपल्याची वार्ता तिच्या जनकाला आपोआप मिळते. तेव्हा राखण जनकानेच करावी, हे उत्तम. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या ‘डीमनटूल्स’ने हे तत्त्व अंगीकारले, गेरिट पापे यांचे ‘रनइट’ही त्याच परंपरेतील आहे.

रनइटमध्ये प्रत्येक सेवेची स्वतंत्र डिरेक्टरी असते व तीत ‘रन’ नावाची छोटी आज्ञावली असते. मुख्य राखणदार निदान दर ५ सेकंदांनी सेवांच्या यादीत बदल झाला आहे काय, हे पाहतो आणि प्रत्येक सेवेवर एक पहारेकरी नेमतो. सेवा संपली की पहारेकरी ती पुन्हा सुरू करतो. ती सुरू होताक्षणीच संपली, तर १ सेकंद थांबतो. येथे एक पथ्य आहे : सेवेने स्वतःहून पडद्याआड जाता कामा नये. ती पहारेकऱ्याचे बोट सोडून गेली, की तो तिला मृत समजतो आणि दुसरी सुरू करू पाहतो.

तथापि, पुन्हा सुरू करणे म्हणजे दुरुस्त करणे नव्हे. मूळ दोष तसाच असेल, तर सेवा हजार वेळा उठेल आणि हजार वेळा पडेल. बाहेरून मात्र काम चालू असल्याचा भास होईल. म्हणून प्रत्येक सेवेला रोजनिशी लिहिणारी जोडसेवा द्यावी. सेवा पडली तरी दोघींमधील मार्ग पहारेकरी खुला ठेवतो; त्यामुळे तिचे अखेरचे शब्द वाया जात नाहीत. सेवा किती सेकंदांपासून चालू आहे, हे ‘एसव्ही स्टेटस’ या आज्ञेने कळते. हा आकडा दर वेळी लहानच दिसला, तर रोजनिशी उघडावी. राखणदार सेवेला उठवू शकतो. ती का पडली, हे शोधणे माणसाचेच काम होय.