व्यायाम आणि आहार यांचा जमाखर्च

नियमित व्यायाम करणाऱ्याने किती खावे, हा प्रश्न दिसावयास किरकोळ असला तरी त्याच्या उत्तरावर आमच्या व्यापारी कुटुंबांचे आरोग्य पुष्कळ अंशी अवलंबून आहे. दिवसाचे दहा-बारा तास पेढीवर बसून व्यवहार पाहणारा गृहस्थ पहाटे तासभर फिरून येतो आणि ‘आता खाल्लेले जिरेल’ या समाधानात न्याहारीला दोन कचोऱ्या अधिक घेतो. त्याचाच तरुण चिरंजीव व्यायामशाळेत घाम गाळतो आणि पोट सपाट व्हावे म्हणून जेवण टाळतो. दोघांचाही हिशेब चुकतो. तो कोठे चुकतो, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

या विषयाचे शास्त्र शोधण्यासाठी आम्हां हैदराबादकरांस दूर जावे लागत नाही. सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली कुन्नूर येथे लहानशा स्वरूपात सुरू केलेली आहारविषयक प्रयोगशाळा १९५८ साली आपल्या शहरात आली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. तारनाका भागातील याच संस्थेच्या विद्यमाने भारतीयांच्या आहाराची प्रमाणे ठरविली जातात.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणांनुसार ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषास दिवसाला सुमारे २,११० उष्मांक लागतात. मध्यम श्रमाच्या पुरुषास २,७१० आणि भारी श्रमाच्या पुरुषास ३,४७०. ५५ किलो वजनाच्या स्त्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे १,६६०, २,१३० व २,७२० असे आहेत. मध्यम श्रम म्हणजे शेतमजूर किंवा गवंडी यांचे दिवसभराचे काम, आणि भारी श्रम म्हणजे दगड फोडणाऱ्याचे काम, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे.

आता आपल्या फिरण्याची किंमत करू. ६५ किलो वजनाचा मनुष्य तासभर झपझप चालला, तर बसून राहण्याच्या मानाने त्याचे सुमारे २०० उष्मांक अधिक खर्च होतात. बैठ्या आणि मध्यम श्रमांतील अंतर ६०० उष्मांकांचे आहे; म्हणजे तासभर चालण्याने त्याचा केवळ तिसरा हिस्सा भरून निघतो. दोन मध्यम फुलके आणि चमचाभर तूप एवढ्यातच ही रक्कम फिटते. तळलेल्या पदार्थाने तर ती पाहता पाहता ओलांडली जाते, कारण धान्याच्या एका ग्रॅमपासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर तुपातेलाच्या एका ग्रॅमपासून ९. ज्याला वजन उतरवावयाचे आहे त्याने चालण्याबद्दल काहीच अधिक खाऊ नये. ज्याचे वजन योग्य आहे त्याने एक-दोन फुलके अधिक घेतल्यास हरकत नाही.

कोल्हापूरच्या तालमींतील मल्लांचा दूध, तूप आणि बदामांचा खुराक प्रसिद्ध आहे. परंतु त्यामागे शेकडो जोर-बैठकांची आणि तासन्‌तास चालणाऱ्या लढतींची मेहनत असते. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला, तर मल्लाचेही पोट सुटते. मग पेढीवर बसणाऱ्याने तो खुराक उचलणे कितपत शहाणपणाचे?

वजने उचलणाऱ्या तरुणांची गोष्ट मात्र निराळी. सामान्य मनुष्यास शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. या तरुणांनी ते प्रमाण १.२ ते १.६ ग्रॅमपर्यंत न्यावे. शाकाहारात हे साधत नाही, ही समजूत निराधार आहे. दिवसभरात ३०० ग्रॅम गव्हाचे पीठ, १०० ग्रॅम डाळ, अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे पोटात गेले, तर सुमारे ७५ ग्रॅम प्रथिने मिळतात. ६० किलोच्या तरुणास ती पुरेशी आहेत. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळ भरून काढते. डब्यांतून विकल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या भुकट्या टाळाव्यात, असेच पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे.

उपाशी राहून व्यायाम करणाऱ्या तरुण-तरुणींस एक इशारा देणे अवश्य आहे. सततचा थकवा, झोप न लागणे, अंगातील बळ घटणे, मुलींच्या मासिक पाळीत अनियमितपणा येणे, ही जमेपेक्षा खर्च वाढल्याची लक्षणे होत.

आमच्या परंपरेने मिताहाराचा विचार फार पूर्वीच केला आहे. पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानून त्याहून कमी घेणे, हे ऊनोदरी नावाचे बाह्य तप सांगितले आहे. भूक थोडी शिल्लक असता उठणे, हा त्याचा व्यवहारातील अर्थ बैठ्या माणसास आजही हितकर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकणाऱ्यांनी व्यायाम सकाळीच करावा. सायंकाळी घाम गाळून रात्रभर पाण्यावाचून राहणे बरे नव्हे. पहाटे फिरून परत येईपर्यंत नवकारसीचीही वेळ, म्हणजे सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे, सहज सरते. उपवासाच्या व आयंबिलाच्या दिवशी व्यायाम हलका ठेवावा, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्याखेरीज उपवास करू नये.

हा विषय केवळ शरीरसौष्ठवाचा नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि बैठा व्यवसाय व वाढते पोट ही त्याची परिचित कारणे होत. म्हणून व्यापारी बंधुभगिनींनी महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजून वहीत टिपावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घेर वाढत असेल तर व्यायाम चालू ठेवून तूप, साखर व तळण कमी करावे. वजन व बळ दोन्ही घटत असतील तर डाळ व दूध वाढवावे. दुकानाची शिल्लक आपण रोज तपासतो. देहाची शिल्लक महिन्यातून एकदा तपासण्याचा कंटाळा कोणी करू नये.