गुडघ्याची उसळी आणि लाखोळीची डाळ

आरोग्य तपासणीत डॉक्टरांची रबरी हातोडी निघाली, की शेलूबाजारच्या आमच्या मुलांची गर्दी होई. गुडघ्याच्या वाटीखाली हलका ठोका बसताच पाय पुढे उसळे. "सर, मी नाही हलवला!" असे प्रत्येकजण शपथेवर सांगे. आम्ही इतिहासाचे शिक्षक; तरीही सांगतो, मुलांचे म्हणणे खरे होते.

ठोक्याने वाटीखालची कंडरा दबते आणि मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. या स्नायूत सूत कातण्याच्या चातीसारखे सूक्ष्म संवेदक असतात. त्यांचा संदेश कमरेच्या भागातील मेरुरज्जूत पोहोचतो व मध्यस्थाविना थेट प्रेरक चेतापेशीला भिडतो. तिच्या आज्ञेने ताणलेला स्नायू आकुंचतो. मांडीमागच्या स्नायूला मात्र आणखी एका पेशीमार्फत सैल पडण्याचा निरोप जातो. मेंदूला वार्ता कळते ती नंतर. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी या उसळीचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. वंदनेला उभे असताना तोल किंचित पुढे जाताच पोटऱ्या आपोआप सावरतात, त्यातही हीच क्रिया आहे.

मेंदू या क्रियेला वरून लगाम घालतो. तो तुटला तर काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. आमच्याकडे तुरीचे वरण. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांत लाखोळी पेरतात. दुष्काळात महिनोन्महिने मुख्यतः तीच खाल्ली, तर तिच्यातील विष मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणारे चेतातंतू निकामी करते. खालचे वर्तुळ शाबूत राहते, पण बेलगाम होते. गुडघा जोराने उसळतो, पाय ताठरतात, माणूस चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालू लागतो. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात सागरकडील अशा पंगूंची नोंद केली आहे.

हे विष सर्वांच्या ताटात सारखे पडले नाही, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळे. पिकविणाराही तोच, पंगू होणाराही तोच. १९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदी आणली. पण मालकाने घरच्या कोठारातून मोजून दिलेली मजुरी बाजारात येतच नव्हती. आणि एकदा ताठरलेले पाय, पुढे डाळ सोडली तरी, बहुधा पूर्ववत होत नाहीत.