सामाजिक भांडवल आणि पाणी पंचायत
गावातील परस्परविश्वास, सर्वमान्य नियम व सहकार्याची सवय यांना विकासशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. रॉबर्ट पटनम यांच्या इटलीविषयक १९९३ च्या ग्रंथानंतर ही संज्ञा आंतरराष्ट्रीय विकासाच्या चर्चेत रूढ झाली.

महाराष्ट्रात तिचा प्रत्यय त्यापूर्वीच आला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचे कार्य उभारले. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांवर ठरला: दरडोई अर्धा एकर, प्रतिकुटुंब कमाल अडीच एकर. भूमिहीनांचाही हक्क मान्य झाला. ऊस वर्ज्य ठरला. लाभधारकांनी खर्चाचा २० टक्के वाटा स्वतः उचलायचा होता.

केवळ एकजूट पुरेशी नसते. एकाच भावकीची घट्ट एकजूट इतरांना पाण्यापासून दूरही ठेवते. न्याय्य वाटपातूनच सर्वांचा विश्वास साठतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी नवा पाणीवापर गट नोंदविण्यापूर्वी तीन बाबी पाहाव्यात: वाटपाचा नियम कोणी ठरविला, अल्पभूधारक, भूमिहीन व महिलांचा वाटा किती आणि हिशेब सर्वांसमोर मांडला जातो काय. यांची समाधानकारक उत्तरे नसल्यास पंप बसेल, परंतु पाळी पाळली जाणार नाही.